एकबारी मार्टिनी रायफलची घरच्या बाकावर दुरुस्ती: काय करावे, कुठे थांबावे?

जुनीनळी

नमस्कार मंडळी. मार्टिनी पद्धतीची, खालचा दांडा ओढून उघडणारी .२२ एकबारी रायफल दुरुस्तीला घेतली आहे. परवाना आणि नोंद रीतसर आहे. सध्याची अवस्था अशी:

नळीच्या वरच्या अंगाला लाल गंज, दोन ठिकाणी नखाला लागतील असे खड्डे. ढाच्यावर (ॲक्शन बॉडी) करडा रंग, कडेला निळ्या-तपकिरी रंगाच्या पुसट लाटा. दस्ता अक्रोडाचा, ढाच्याला भिडतो तिथे तेल मुरून काळा पडलेला, आणि वरून मागे सुमारे चार सेंटिमीटरची तड. दोन स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या. नळीच्या आत शिशाची पुटे. चाप चालतो, पण घट्ट.

रायफल नव्यासारखी चकचकीत करायची नाही. गंज थांबावा, लाकूड धरून राहावे आणि तपासणीनंतर कागदी लक्ष्यावर वापरता यावी, एवढेच. सुरुवात कुठून करू?

कानसवाला

सुरुवात रिकामी आहे का ते बघण्यापासून. दांडा उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीत) डोळ्याने बघा, मग करंगळी किंवा काडी घालून बघा. मार्टिनीला बाहेर घोडा नसतो. ही पद्धत ज्या पीबॉडी रायफलवरून निघाली, तिच्या १८६२ च्या पेटंटमध्ये तो बाहेर होता. मार्टिनी या अभियंत्याने तो काढून ठोकणारी पिन आणि तिची गुंडाळी स्प्रिंग ब्लॉकच्या, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याच्या, पोटात घातली. त्यामुळे नुसती बघून रायफल ताणलेली (पिन सुटायला सज्ज) आहे की नाही ते कळत नाही. बऱ्याच मार्टिनींना बाजूला थेंबाच्या आकाराचा दर्शक असतो, पण गंजलेल्या रायफलीत त्याच्यावर विसंबू नका.

मग फोटो. प्रत्येक बाजू, प्रत्येक शिक्का, प्रत्येक स्क्रूच्या खाचेची दिशा. क्रमांक आणि चाचणीचे ठसे ठळक दिसतील असे जवळून. यातले काहीही पुढे कानशीखाली किंवा पॉलिश पेपरखाली जाता कामा नये. क्रमांक घासला जाणे बहुतेक देशांत थेट गुन्हा ठरतो, आणि शिक्के गेले की रायफलीची ओळखच जाते.

आता स्क्रू. खाचा फाटतात त्या पाचरीसारख्या निमुळत्या टोकाच्या स्क्रूड्रायव्हरने. असे टोक खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकते, जोर लावला की वर उचलले जाते आणि कड सोबत घेऊन येते. टोकाच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात, जाडी खाचेत खुळखुळणार नाही इतकी, रुंदी खाचेच्या लांबीइतकी. बाजारातला बिट घेऊन तेलदगडावर प्रत्येक स्क्रूसाठी वेगळा घासून बसवावा लागतो. पाच स्क्रूंना पाच बिट झाले तरी हरकत नाही.

अडकलेल्या स्क्रूला ॲसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचे तेल निम्मे-निम्मे. हे मिश्रण एकजीव राहत नाही, वेगळे होते. दर वेळी हलवून थेंब सोडा. एक दिवस मुरू द्या. मग डाखाची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) स्क्रूच्या डोक्यावर दोन मिनिटे टेकवा, थंड होऊ द्या, पुन्हा थेंब. इस्त्री लावताना जवळ ॲसिटोनची बाटली उघडी नको. फिरवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडवायच्या. गंजाची पकड आधी तिथे तुटते.

फाटलेली खाच कानसून रुंद करू नका. वर आलेला धातू अजून तिथेच आहे. स्क्रूचे पाय तांब्याच्या पत्र्यात धरून व्हाइसमध्ये पकडा, छोट्या गुळगुळीत हातोडीने फुगलेली कड आत दाबत आणा, मग पातळ खाचकानशीने खाच सरळ करा. नवा स्क्रू शेवटचा उपाय, कारण जुन्या कारखान्यांचे आटे आजच्या मापांत बसतीलच असे नाही. "जवळपास बसतो" म्हणून घातलेला स्क्रू ढाच्यातले आटे खातो.

लांबसळई

+१. एक भर: दस्ता काढायचा लांब बोल्ट दस्त्याच्या मागच्या टोकाच्या पट्टीखालच्या खोल भोकात असतो. त्या भोकातला कचरा आधी काढा, नाहीतर बिट खाचेत पूर्ण बसतच नाही. आणि बोल्ट सोडल्याशिवाय दस्ता हलवून काढायचा प्रयत्न केलात तर चार सेंटिमीटरची तड आठ होईल.

बारा_व्होल्ट

गंजाला सोपा उपाय: विद्युत अपघटन. प्लास्टिकच्या पन्हाळीत चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्ट, ऋण तार नळीला, धन तार लोखंडी सळईला. रात्रभरात गंज काळी भुकटी होऊन सुटतो.

गंजमित्र

पद्धत बरोबर आहे, पण या कामाला नको. जुना रंग शाबूत राहिलेल्या जागीही अपघटन तो सैल करते, कारण निळा-काळा रंग हासुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच आहे. नळी उघडी, राखाडी निघेल. उरलेला मूळ रंग परत आणता येत नाही.

तरी कुणी करणार असेल तर तीन गोष्टी. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही नाही. त्यातून षट्संयुजी क्रोमियम पाण्यात येते, ते विषारी आणि कर्करोगकारक आहे. खोली हवेशीर हवी, हायड्रोजन सुटतो. आणि स्प्रिंग किंवा कडक केलेला भाग त्यात घालायचा नाही: हायड्रोजन पोलादात शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होऊन ताणाखाली मोडते.

जुनीनळी, तुमच्या नळीसाठी उकळणे हाच मार्ग. लाल गंज उकळत्या पाण्यात धरला की त्याचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होते. तो थर धातूला चिकटून राहतो आणि पुढचा गंज अडवतो. खरवडून गंज काढला तर त्याच्याखालचा धातूही जातो. उकळल्यावर तोच गंज संरक्षक थर बनतो.

कृती अशी. नळी आतून-बाहेरून ॲसिटोनने पुसून तेलमुक्त करा. यापुढे स्वच्छ हातमोजे, उघडे बोट नाही. नळी आडवी बुडेल इतकी लांब स्टेनलेस किंवा साध्या लोखंडी पत्र्याची पन्हाळ, खाली दोन शेगड्या. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा ॲल्युमिनियम नको. पाणी डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार पांढरे डाग पाडतात आणि क्लोराइड पुढे गंज घडवते. नळी तळाला टेकू देऊ नका, तारेवर टांगती ठेवा. पाणी खळखळ उकळत असताना २० ते ३० मिनिटे.

बाहेर काढली की धातूच्या उष्णतेने पाणी क्षणात उडते. लाल होते ते मखमली काळे झालेले दिसेल. कोमट असतानाच चार शून्यांच्या (०००० नंबर) स्टील वूलने अगदी हलके पुसा. हे स्टील वूल आधी ॲसिटोनमध्ये धुवा, कारखान्यातून ते तेल लावूनच येते. सैल काळे निघून जाईल, घट्ट बसलेले राहील. काही जागी पुन्हा लाल डोकावेल. तिथे परत उकळा. तीन-चार फेऱ्यांत लाल संपते. लगेच तेल, आणि पुढच्या २४ तासांत पुन्हा एकदा तेल, कारण खड्ड्यांच्या तळातून ओलावा उशिरा बाहेर येतो.

डाख लावून बसवलेली साइट (नेम धरायची खूण) असली तरी काळजी नाही. शिसे-कथलाचा डाख १८० अंशांच्या पुढे वितळतो, पाणी १०० वरच थांबते.

जुनीनळी

धन्यवाद गंजमित्र. ढाचाही असाच उकळू का? आणि नखाला लागणारे खड्डे घासून सपाट करावेत का?

गंजमित्र

ढाच्यावरच्या त्या निळ्या-तपकिरी लाटा म्हणजे हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात तापवून दिलेल्या कडक कवचाचा रंग. तो इतका पातळ असतो की पॉलिशच्या एका फडक्याने कायमचा जातो. ढाच्याला फक्त ॲसिटोन, मऊ ब्रश, मग तेल. लाल ठिपका असेल तर तेलात भिजवलेल्या काशाच्या लोकरीने (ब्रॉन्झ वूल) तेवढ्याच जागी हलका हात. गॅसची ज्योत ढाच्याजवळही नको: कडकपणा उतरतो, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

खड्डे राहू द्या. खोल खड्डा सपाट करायचा तर आजूबाजूचा सगळा धातू त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो. अक्षरे जातात, अष्टकोनी नळी असेल तर धारा जातात. काळा झालेला खड्डा डोळ्याला फारसा खटकत नाही.

बारा_व्होल्ट

गंजमित्र, स्टेनलेसचा मुद्दा महत्त्वाचा, लिहायचा राहून गेला होता. पण नळीचा मूळ रंग सगळाच गेला असेल, तर नवा रंग द्यायला काय हरकत आहे?

गंजमित्र

सगळा गेला असेल तर हरकत नाही. फक्त पद्धत त्या काळाला शोभणारी असावी, म्हणजे हळू गंजवून रंग देणे. थोडक्यात:

जुना उरलेला रंग पाच टक्क्यांच्या पांढऱ्या व्हिनेगरने उतरतो, १५-२० मिनिटांत. बघत राहा, जास्त वेळ ठेवले तर धातूला खरखर येते. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा. पॉलिश पेपर २४०, मग ३२०, पुरे. आरशासारखी झळाळी इथे निरुपयोगी आहे, कारण पुढे आपण गंजच चढवणार आहोत. पेपरामागे सपाट लाकूड, हात नळीच्या लांबीत. फिरत्या बफाला (पॉलिशच्या यांत्रिक चाकाला) हात लावू नका: भोकांच्या कडा खचतात, अक्षरे धुरकट होतात, धारा गोल होतात.

रंगाचे द्रावण तयार विकत घ्या. आम्ल आणि धातूंचे क्षार घरात मिसळत बसू नये. नळीची दोन्ही तोंडे लाकडी बुचांनी घट्ट बंद, आत तेलाचा हात. द्रावण कापसाच्या बोळ्याने लावा, पण बोळा पिळून जवळपास कोरडा. ओघळ आला की तिथे तांबूस पट्टा पडतो, आणि तो पुढच्या फेऱ्यांतही दिसत राहतो. ओलसर पेटीत तीन-चार तास, हवेतला दमटपणा सत्तर-ऐंशी टक्के. बारीक, एकसारखा, पिठासारखा गंज आला की १० ते १५ मिनिटे उकळा, स्टील वूलने पुसा, पुन्हा द्रावण. सहा ते दहा फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत रंग चट्टेरी आणि करडा दिसतो. तिथे धीर सोडून पुन्हा पॉलिशकडे वळू नका, चौथ्या फेरीनंतर रंग भरायला लागतो.

बिघडते ते मुख्यतः तेलाने. बूच उकळताना सैल झाले, आतले तेल पाण्यावर तरंगले, नळी वर काढताना सगळीकडे लागले, की ती फेरी वाया.

बाटलीतला थंड रंग स्क्रूच्या डोक्यापुरता ठीक. त्यात सेलेनियमचे संयुग असते, हातमोजे घाला. नळीवर तो हाताळणीने झिजतो. आणि कॉस्टिकच्या तापलेल्या क्षारांचा रंग घरी नाहीच: १४० अंशांचे उकळते कॉस्टिक, पाण्याचा थेंब पडला तरी उसळते, आणि डाखाचे सांधे खाऊन टाकते.

सुतारपक्षी

लाकडाबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. अशा रायफलीत आधी दगा देते ते लाकूडच.

तड का पडते ते आधी बघा. ढाच्याची शेपटी (टँग) मागे निमुळती होत लाकडात शिरते. नवी असताना धक्का दस्त्याच्या तोंडाच्या रुंद सपाटीवर बसतो. वर्षानुवर्षे तेल मुरून ती सपाटी मऊ पडते, दबते. बोल्टही ढिला होतो. मग धक्का शेपटीच्या टोकावर येतो आणि ती पाचरीसारखी लाकूड चिरते. म्हणजे नुसती तड चिकटवली तर ती पुन्हा उघडणार.

आधी तेल काढणे. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून घट्टसर लापशी करा, काळ्या भागावर बोटभर जाड थापा. ॲसिटोन उडताना लाकडातले तेल खडूत ओढले जाते, लेप पिवळा-तपकिरी होतो. वाळला की ब्रशने झाडा, पुन्हा थापा. तीन ते पाच वेळा तरी लागेल. उघड्यावर, ज्योतीपासून लांब. ओव्हन साफ करायचे कॉस्टिक वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, अक्रोड काळा पडतो आणि रेषा पोकळ होतात.

तड चिकटवायला सावकाश, २४ तासांत घट्ट होणारे इपॉक्सी. तडीत आधी ॲसिटोन सोडून वाळू द्या. पातळ प्लास्टिकची पाचर घालून तड केसभर उघडा, इपॉक्सी किंचित कोमट करून पातळ करा, एका बाजूने सोडा आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरा. ते पार ओढले गेलेले दिसेल. पाचर काढा, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने गच्च गुंडाळा. ट्यूब सगळीकडून सारखा दाब देते, क्लॅम्पसारखे खड्डे पाडत नाही.

चार सेंटिमीटरची तड आहे, तर आडवा आधारही हवा. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने तड ओलांडेल असे तिरके साडेतीन मिलिमीटरचे भोक, त्यात तीन मिलिमीटरचा आटे असलेला पितळी रॉड इपॉक्सीत बुडवून. इपॉक्सी आट्यांत धरते, पितळ गंजत नाही. भोक पाडण्यापूर्वी टोकाच्या खोलीची खूण ड्रिलवर चिकटपट्टीने करा.

आता मूळ कारण. ढाच्याच्या मागच्या सपाटीवर काजळ लावा, दस्ता बसवून बोल्ट आवळा, काढा. लाकडावर काजळ दोन-तीन ठिपक्यांतच उमटले तर धक्का तेवढेच ठिपके घेत आहेत. उमटलेली जागा धारदार छिन्नीने खरवडा, पुन्हा बसवा, निदान तीन चतुर्थांश सपाटी काळी होईपर्यंत. लाकूड खूप दबले असेल तर ढाच्याला मेण चोळून ती जागा इपॉक्सीने भरून घ्या. शेपटीच्या टोकामागे मात्र अर्ध्या मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवा. ही फट नसेल तर वरचे सगळे श्रम पाण्यात.

चेपलेल्या जागी सँडपेपर नको. ओले फडके ठेवून तापलेली इस्त्री क्षणभर टेकवा. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तुटलेले तंतू मात्र येत नाहीत. सँडपेपर वापरायचाच तर धातूच्या कडेशी लाकूड धातूपेक्षा किंचित उंच राहिले पाहिजे. लाकूड धातूच्या खाली गेलेला दस्ता लगेच ओळखू येतो.

शेवटी जवसाचे तेल. कच्चे वाळायला कित्येक दिवस घेते. 'बॉइल्ड' म्हणून मिळते त्यात वाळवणारे क्षार असतात, ते घ्या. पहिला हात टर्पेंटाइनमध्ये निम्मे-निम्मे, पुढचे नुसते, तळहाताने गरम होईपर्यंत चोळून. दहा मिनिटांनी उरलेले पुसून काढा. दिवसाला एक हात, आठ-दहा हात. जाड थर दिला की वर साय धरते आणि आतले चिकट राहते. दमट हवेत तर आठवडाभर. दस्त्याच्या तोंडाची उभी रंध्रे आतूनही तेलाने बंद करा, नाहीतर यंत्राचे तेल पुन्हा तिथूनच मुरेल.

जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि घडी घातलेले फडके आपोआप पेट घेते. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

कानसवाला

सुतारपक्षीताई, शेपटीमागच्या फटीबद्दल मनापासून आभार. चिकटवून दिलेले दस्ते वर्षभरात परत तडकतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

लांबसळई

नळीच्या आतले. जुन्या .२२ काडतुसांच्या प्रायमरमध्ये (ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्यात) पोटॅशियम क्लोरेट असे. जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे मिठासारखाच दमट हवा ओढणारा क्षार. तो तेलात विरघळत नाही. त्यामुळे पहिली सफाई उकळत्या पाण्याने, मग कोरड्या चिंध्या, मग तेल.

शिशासाठी: जुन्या पितळी ब्रशवर शुद्ध तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळा, घट्ट बसेल इतके. घासणी आधी चुंबकाला लावा. चिकटली तर ती मुलामा दिलेली लोखंडी आहे, नळी ओरबाडेल. दहा-पंधरा फेऱ्यांत शिशाच्या चंदेरी पापड्या बाहेर येतात. हातमोजे घाला आणि त्या चिंध्या वेगळ्या टाका, शिसे पोटात जाऊ नये.

मार्टिनीत मागचा ढाचा आड येतो, म्हणून सळई तोंडाकडून घालायची सवय पडली. त्यातून तोंडाची कड एका बाजूला झिजते आणि नेम पसरतो. काही लक्ष्यवेधी मार्टिनींच्या ढाच्याला मागे सळईपुरते भोक असते, असेल तर तेच वापरा. नसेल तर ब्लॉक काढून मागून लवचीक केबल ओढा. तोंडाची कड तपासायला कापसाची काडी आतून बाहेर ओढत गोल फिरवा. कापूस जिथे अडकेल तिथे बुरी (धातूची वर आलेली खरखरीत कड) आहे.

चापखटका

घट्ट चापाबद्दल. आधी साफसफाई. अशा रायफलीत निम्मा घट्टपणा डिंकासारख्या वाळलेल्या तेलाचा असतो. यंत्र सुटे करून रॉकेलमध्ये रात्रभर, मग ब्रश, मग प्रत्येक सांध्याला पातळ तेलाचा एकच थेंब. स्प्रिंग काढताना चष्मा घाला आणि काम पारदर्शक पिशवीच्या आत करा. दाबलेली गुंडाळी स्प्रिंग सुटली तर ती सापडत नाही आणि डोळा वाचेलच असे नाही.

त्यानंतरही घट्ट असेल तर तसाच राहू द्या. चाप आणि अडकवणी (चाप ओढेपर्यंत पिन अडवून धरणारा भाग) जिथे भिडतात त्या कडांवर दगड फिरवू नका. तिथले कडक कवच अगदी पातळ असते. ते पार केले की खालचे मऊ पोलाद काही दिवसांत झिजते, आणि मार्टिनी दांडा उघडतानाच आपोआप ताणली जात असल्याने मिटतानाच बार उडू शकतो.

जोडल्यावर चाचणी: रिकाम्या चेंबरने दांडा जोरात मिटा, वीसेक वेळा. मिटलेल्या अवस्थेत रबरी हातोडीने ढाच्याला सगळीकडून टोले द्या. ठोकणारी पिन एकदाही सुटता कामा नये. चाप ओढून बघायचा तर .२२ चे प्लास्टिकचे नकली काडतूस घाला. रिकाम्यावर ओढले की पिन चेंबरच्या कडेवर आदळते, तिथे खोच पडते, आणि मग काडतूस ना नीट शिरते ना नीट निघते.

जुनीनळी

ब्लॉक जिच्यावर फिरतो ती धुरी किंचित खुळखुळते. तिच्यामुळे धोका आहे का?

चापखटका

एवढ्यावरून नाही. मार्टिनीत धक्का धुरीवर येत नाही. ब्लॉकची मागची गोल पाठ ढाच्याच्या गोल खोबणीत टेकते, भार तिथे जातो. ती खोबण चकाकीने एकसारखी दिसते की एका कडेलाच घासलेली आहे, ते बघा.

खरे मोजमाप ब्लॉक आणि नळी यांच्यातल्या फटीचे. .२२ लाँग रायफलच्या काडतुसाची कड या फटीत बसते आणि ती १.०९ ते १.१७ मिलिमीटरमध्ये हवी. यासाठी गेज (ठरलेल्या मापाचे तुकडे) लागतात. जास्त भरली तर घरी पत्री घालून भागवू नका. काडतुसाची कड फुटली की गरम वायू थेट चेहऱ्याकडे येतो. चेंबर, ही फट आणि नळीची पकड या तीन गोष्टी परवानाधारक बंदूक कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय एकही बार नको. .२२ पेक्षा मोठ्या आणि काळ्या दारूच्या काळात घडलेल्या रायफली असतील तर हे दुप्पट लागू: आजच्या धूरविरहित दारूचा दाब त्यांच्यासाठी नाही.

जुनीनळी

समजले. क्रम असा ठरवतो: स्क्रू, सुटे भाग, खडूचा लेप आणि तो वाळेपर्यंत नळीची उकळणी, मग तड आणि सपाटी, यंत्र शेवटी, नंतर कारागिराकडे. तयार झाल्यावर ठेवायची कशी?

सुतारपक्षी

चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत नको, दोन्ही ओलावा धरतात. कुलूपबंद, हवा खेळती राहील अशा कपाटात. आणि तेल दिल्यावर पहिले दोन-तीन दिवस नळीचे तोंड खाली करून उभी ठेवा, खाली फडक्याची घडी. जास्तीचे तेल फडक्यात जाते. तोंड वर असेल तर तेच तेल नळीतून आणि ढाच्यातून उतरत दस्त्याच्या तोंडात मुरते. तुमचा दस्ता काळा पडलाय तो बहुधा असाच.